एक रिडिम, सहा आवाज: माझा अनुभव

जमैकन डान्सहॉल या नाचाच्या संगीतात रिडिम म्हणजे गाण्याखालचा नुसता वाद्यांचा ट्रॅक. तो एकदाच बांधायचा आणि प्रत्येक कलाकाराने त्यावर आपलं वेगळं गाणं करायचं. (तिथे डीजे म्हणजे तालावर शब्द फेकणारा, रेकॉर्ड लावतो तो सिलेक्टर.) असाच एक रिडिम मी बांधला आणि सहा गायकांना दिला. नमुना म्हणून समोर ठेवला होता लेंकी मार्सडेनचा 'दिवाली' रिडिम. शॉन पॉलचं 'गेट बिझी' आणि वेन वंडरचं 'नो लेटिंग गो' ही दोन्ही त्याच्यावरची, पण चाली पार निराळ्या. ट्रॅकमध्ये टाळ्या आणि मोकळी जागा, म्हणून ते जमतं.

माझ्या रिडिमचा टेम्पो मिनिटाला ९६ ठोके. एका बारचे (चार ठोक्यांच्या आवर्तनाचे) १६ भाग: किक (ड्रमचा जाड ठोका) १, ४, ९, १२ वर, स्नेअर (कडक ठोका) ७ आणि १५ वर. केरव्याच्या आठ मात्रा तीन-तीन-दोन अशा तोडून मोजल्या की हात लगेच बसतो. सूर ए मायनर, बासला ए आणि जी एवढेच स्वर. खालचा ए ५५ हर्ट्झचा. किकचा तळही तिथेच आला की दोन्ही गढूळ होतात, म्हणून साइडचेनने, म्हणजे किक वाजली की बास आपोआप हळू होईल अशा जोडणीने, बास ४ डेसिबल (डीबी) दाबला. पहिल्या खेपेला बासरी आणि दोन सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे आवाज) घातले होते. नुसता ट्रॅक झकास वाटे, पण आवाज आला की सगळं एकमेकांवर चढे. बासरी काढली, एक सिंथ काढला, उरलेल्याचा २ ते ३ किलोहर्ट्झचा भाग ३ डीबी कापला. एकटा ऐकताना रिकामा वाटणारा रिडिमच बरोबर असतो.

लांबी ६८ बार. या टेम्पोला बार अडीच सेकंदांचा, म्हणजे १७० सेकंद. सहाही जणांना हाच आराखडा.

खरी डोकेदुखी आवाजाच्या फायलींची. गायकांना ट्रॅक एमपीथ्री पाठवला, तर एन्कोडर सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता घालतो आणि परत आलेला आवाज तेवढा मागे पडतो. ट्रॅक वेव्हच (न दाबलेली फाइल) पाठवा, आवाज २४ बिट, इफेक्टशिवाय, पहिल्या बारपासून मागवा. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची फाइल रूपांतर न करता ४८ च्या प्रोजेक्टमध्ये टाकली, तर आवाज जवळपास दीड सेमीटोन वर जातो. गायक बेसूर नसतो, आपण आंधळे असतो.

एकाला सूर झेपत नव्हता. त्याच्यासाठी ट्रॅक खाली उतरवायचा मोह टाळला, कारण सिलेक्टर ही गाणी एकात एक मिसळून वाजवतो. सूर बदलला की जोड खटकते. त्याने चाल बदलली. मिक्सही (आवाज आणि ट्रॅक यांचा मेळ) आधी एकाच गाण्याचं पुरं केलं, मग त्याच सेटिंगवर बाकीची पाच.

रेडिओसाठी शिव्या नसलेल्या स्वच्छ ओळी त्याच बैठकीत घ्या. महिन्याभराने घेतलेला एक शब्दसुद्धा वेगळ्या खोलीतला वाटतो. आणि कमाईत कोणाचा किती वाटा, त्या हिश्शांचा कागद गाण्याआधी सही करून घ्या. गाणं चाललं की सगळ्यांचे आकडे बदलतात.