एक चहा, लिस्बनमध्ये

काल लिस्बनच्या एका छोट्या कॅफेत घाईघाईत तोंडातून मराठीच निघालं, "एक चहा."

काउंटरवरच्या काकूंनी मान वर न करता विचारलं, "शा?" आणि कप पुढे सरकवला. गरम पाणी, त्यात लोंबणारी पुडी. दुधाचा पत्ता नाही.

म्हटलं, आमच्याकडेही जवळपास हाच शब्द आहे. तर मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "मग तो आमच्याकडूनच नेला असणार."

ते डोक्यात अडकून बसलं.

अहो काकू, शब्द मुळात चिन्यांचा! पोर्तुगीज १५५७ पासून चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाऊत ठाण मांडून होते, तिथला 'चा' त्यांनी उचलला. डचांनी चीनच्याच फुजियान प्रांतातल्या व्यापाऱ्यांकडून 'ते' ऐकला आणि १६१० च्या सुमारास चहा युरोपात आणला. पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांना माल विकला तो शब्दासकट. म्हणून इंग्रजांचं टी, जर्मनांचं टे.

इथलीच राजकन्या, ब्रागांझाची कॅथरीन. तिनं इंग्रजांना चहा शिकवला असं सर्रास सांगतात. ती इंग्लंडच्या राजाशी लग्न होऊन गेली १६६२ मध्ये. पण लंडनच्या सॅम्युअल पेपिसनं १६६० मध्येच पहिला कप पिऊन रोजनिशीत टिपून ठेवलं होतं. दरबारात चहाची फॅशन तिनं आणली, एवढं मात्र खरं. (आणि हो, आपली मुंबई तिच्याच हुंड्यात गेली.)

एवढं सगळं सांगण्याइतकं पोर्तुगीज कुठलं यायला! दुसरा 'शा' मागवला, दूध घालून. काकूंनी असं तोंड वाकडं केलं म्हणता!

तुमच्याकडे काय म्हणतात, चहा, चा की च्या?