शाळा व्यवस्थापन समिती फक्त सह्यांपुरती नको
नवीन समिती निवडायची म्हटलं की आपल्या इकडे गावात एकच चर्चा, अध्यक्ष कोण होणार. बाकीचे मेंबर कोण, ते येतील का, बोलतील का, हे कोणी पाहतच नाही अन् मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटते.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या कलम २१ मध्ये ७५ टक्के सदस्य पालक पाहिजेत अन् एकूण निम्म्या बाया, असं स्पष्ट आहे. पण मिटिंग ठेवली भर दुपारी, त्यात कापूस वेचणी चालू, मग मजुरी पाडून कोणती माय येईल सांगा बरं? मग रजिस्टर घरोघरी पाठवून सह्या घेतात, झाली मिटिंग. हे थांबलंच पाहिजे. वेचणीच्या, सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत मिटिंग संध्याकाळी ठेवा, गुरुजींना तालुक्याला परत जायचं असते हे मान्य, पण महिन्यातून एक दिवस जमते ना.

दुसरं म्हणजे पैसा. अनुदान कुठं खर्च झालं हे पाहायचं काम कायद्यानंच समितीला दिलं आहे, म्हणून बिल मागितलं तर सरांवर अविश्वास दाखवला असं होत नाही. नवीन मेंबरला पहिल्याच मिटिंगमध्ये हिशेब समजावून सांगा, ज्याला वाचता येत नाही त्याला तर सगळ्यात आधी.

शाळा विकास आराखडाही समितीनंच करायचा असतो, तो दुसऱ्या शाळेचा उतरवून आणू नका. पोरींच्या संडासात पाणी येते का नाही हे त्यांच्या मायलाच पक्कं माहीत असते, आराखडा लिहिताना तिला विचारा.