रशियाला शिकायला जाताना: पैसा किती, आणि पैसा कधी

२०२५ च्या सप्टेंबरात माझी भाची काझानच्या विद्यापीठात एम.ए.साठी रवाना झाली. त्याआधीचे जवळजवळ एक वर्ष ती, तिचे आईवडील आणि मी असे चौघे जण एका दोनशेपानी वहीभोवती बसत होतो. मी पुण्यात रशियन शिकवते, त्यामुळे दर उन्हाळ्यात पाच-सहा घरांतून तरी फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, एकूण खर्च किती येतो?" मी आकडा सांगते. परंतु त्या वहीचे वर्ष अनुभवल्यानंतर मला मनापासून वाटते की हा अर्धाच प्रश्न आहे. कोणता पैसा कोणत्या महिन्यात, कोणत्या रूपात आणि कोणाच्या हातात हवा, हे ठरवले नाही, तर पुरेशी रक्कम असूनही मूल तिथे अडकते.

मी स्वतः २००९ मध्ये मॉस्कोच्या पुश्किन इन्स्टिट्यूटमध्ये दहा महिने होते. तेव्हा पैशाची व्यवस्था अगदी सोपी होती. वडील जुन्नरच्या बँकेत पैसे भरत आणि मी बेल्यायेवो मेट्रो स्थानकाजवळच्या एटीएममधून भारतीय कार्डाने रुबल काढत असे. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही कंपन्यांनी रशियातले कामकाज थांबवले, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या बँकांची त्या कंपन्यांची कार्डे तिथल्या एटीएममध्ये किंवा दुकानात चालत नाहीत. अनेक रशियन बँका स्विफ्टमधूनही, म्हणजे देशोदेशीच्या बँकांना जोडणाऱ्या संदेशजाळ्यातूनही, बाहेर काढल्या गेल्या. त्यामुळे वसतिगृह, थंडी, भाषा याबाबतचा माझा अनुभव भाचीच्या उपयोगी पडला, पण पैशाच्या बाबतीत तो पूर्ण बाजूला ठेवून मला नव्याने शिकावे लागले.

भाचीला प्रवेश मिळाला तो रशियन सरकारच्या शिष्यवृत्तीवर. परदेशी विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी राखून ठेवलेल्या या जागांना सगळे जण 'कोटा' म्हणतात. अर्ज सरकारी पोर्टलवर भरायचा असतो आणि भारतातील निवडीचे काम रशियन हाऊसमार्फत चालते. मुंबईतले रशियन हाऊस पेडर रोडवर, म्हणजेच डॉ. गोपाळराव देशमुख मार्गावर आहे. 'कोटा मिळाला' हे शब्द घरात आले की सगळे मोफत झाले अशी समजूत होते आणि आमच्याकडेही दोन दिवस तसेच वातावरण होते. प्रत्यक्षात कोट्यात शिक्षणशुल्क माफ होते, वसतिगृहात तिथल्या विद्यार्थ्यांच्याच दराने जागा मिळते आणि दरमहा एक लहानसे विद्यावेतन मिळते, ज्यात महिन्याचा किराणाही भागत नाही. विमानाचे तिकीट, आरोग्य विमा, व्हिसा, वैद्यकीय तपासण्या, कपडे आणि जेवण हा सगळा खर्च आपला असतो. ज्याला रशियन अजिबात येत नाही, त्याला मुख्य अभ्यासक्रमाआधी भाषेचे एक पूर्वतयारीचे वर्ष करावे लागते. तिथले विद्यार्थी त्याला 'पोदफाक' म्हणतात. म्हणजे दोन वर्षांचे नियोजन मुळातच तीन वर्षांचे होते. भाचीने पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधले रशियनचे तिन्ही अभ्यासक्रम नोकरी सांभाळून आधीच पूर्ण केले होते, त्यामुळे आमचे एक वर्ष वाचले. रशियाला जायचे मनात असलेल्या प्रत्येकाने निदान प्राथमिक अभ्यासक्रम इथेच करावा, असे मी आग्रहाने सांगते, कारण एवढी मोठी बचत दुसऱ्या कशानेही होत नाही.

पहिल्या वर्षाचा आमचा हिशेब असा होता. कागदपत्रे, अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), रशियन भाषांतरे आणि नोटरी यांना बावीस हजार. व्हिसा, वैद्यकीय प्रमाणपत्रे आणि विमा यांना पंचवीस हजार. मुंबईहून आखातातून जाणाऱ्या विमानाला अडतीस हजार. थंडीच्या कपड्यांना अठरा हजार, आणि तेही तिथेच घ्यायचे, कारण पुण्यात मिळणारे जाड जॅकेट उणे वीस अंशांत कामाचे नाही. त्या काळात रुबल आणि रुपया जवळपास सारख्याच किमतीचे होते, म्हणून महिन्याला वीस हजार धरून दहा महिन्यांचे दोन लाख मांडले. परतीसाठी किंवा आजारपणासाठी साठ हजार वेगळे, ज्यांना हात लावायचा नाही. एकूण ३ लाख ६३ हजार. मॉस्कोऐवजी काझान निवडण्यामागे हाच हिशेब होता. काझान विद्यापीठ १८०४ साली स्थापन झालेले आहे, २०१३ च्या विद्यार्थी क्रीडास्पर्धांसाठी बांधलेली वसाहत आता त्याचे वसतिगृह म्हणून वापरात आहे, आणि शहरातले राहणीमान राजधानीपेक्षा स्वस्त आहे.

आता हे पैसे आणायचे कोठून? सर्वप्रथम आम्ही शैक्षणिक कर्जाकडे वळलो आणि तिथे मला एक अनपेक्षित गोष्ट कळली. बँकांची ही सगळी व्यवस्था शुल्काभोवती उभी आहे. विद्यापीठाचे शुल्कपत्र आणा, आम्ही रक्कम थेट विद्यापीठाला पाठवतो, असा तिचा साचा. ज्या मुलीचे शुल्कच माफ आहे, तिच्याकडे दाखवायला शुल्कपत्र नसते. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, "फी शून्य आहे, मग कर्ज कशासाठी?" प्रवास आणि राहण्याचा खर्चही शैक्षणिक कर्जात धरता येतो, हे आम्ही त्यांना दाखवले, त्यांनी ते मान्यही केले, पण वरच्या कार्यालयातून उत्तर येईपर्यंत जुलै संपत आला होता. त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु हुशारीने शिष्यवृत्ती मिळवलेली मुलगीच कर्जाच्या चौकटीबाहेर पडावी, याचे मला आजही वाईट वाटते. इतर मार्गांपैकी १८९२ पासून चालू असलेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटच्या कर्जरूपी शिष्यवृत्तीचा विचार पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी जरूर करावा, पण कोट्याच्या निकालाची वाट न पाहता खूप आधी. अनुसूचित जातीतील विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मात्र ती जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या २०० विद्यापीठांपुरती असल्याने तिच्यात मॉस्कोचे लोमोनोसोव विद्यापीठ बसते, काझान बसत नाही.

शेवटी पैसे उभे राहिले ते घरातूनच. भाचीने दोन वर्षे हिंजवडीत भाषांतराचे काम करून १ लाख ४० हजार साठवले होते. दादाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, एक लाख द्यायचे कबूल केले, पण ते टोमॅटोवर अवलंबून होते. आमच्या जुन्नर तालुक्यात उन्हाळी टोमॅटोचा पैसा मे ते ऑगस्टमध्ये नारायणगावच्या बाजारातून येतो, आणि वीस किलोच्या क्रेटचा भाव सकाळी एक तर दुपारी दुसरा असतो. म्हणून दादाची रक्कम आम्ही वहीत पेन्सिलने लिहिली आणि ती हातात पडेपर्यंत तिच्या भरवशावर एकही तारीख ठरवली नाही. उरलेले १ लाख २० हजार माझ्या भिशीचे. आम्ही बारा जणी महिन्याला दहा-दहा हजार घालतो आणि नंबर चिठ्ठीने काढतो. त्या वर्षी मैत्रिणींनी एकमताने ऑगस्टचा नंबर चिठ्ठीविना मला दिला. तीन हजार कमी पडत होते, ते माझ्या आईने दिले. वहिनी दरवेळी वही मिटताना म्हणायची, "आत्याबाई, ऑगस्टचं पान फाटू देऊ नका," कारण तिकीट, विमा, व्हिसा आणि डॉलर हे सगळे त्याच एका पानावर होते.

कागदपत्रांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथली चूक पैशात मोजावी लागते. पदवी आणि गुणपत्रिका यांची राज्याच्या पातळीवर पडताळणी होते, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल लागतो आणि मग रशियन भाषांतर होते. रशियन वर्णमालेत आपल्या 'ह'ला अक्षरच नाही. कोणी त्याचा 'ख' करतो, कोणी 'ग'. भाचीच्या आडनावात 'ह' आहे. पारपत्राच्या भाषांतरात तो 'ख' झाला आणि व्हिसावर 'ग' छापून आला. काझानला पोहोचल्यावर बँकेतल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, त्या एका अक्षरावर बोट टेकवले आणि खाते उघडायला नकार दिला. नवे भाषांतर आणि नोटरी यांत सहा दिवस गेले. पहिल्याच कागदावर नाव रशियनमध्ये कसे लिहिले जाते ते पाहावे आणि पुढच्या प्रत्येक भाषांतरकाराला तेच लिखाण दाखवावे.

रोख रकमेबाबत बऱ्याच जणांना माहीत नसलेला एक नियम आहे. परदेशी जाताना साधारणपणे ३,००० डॉलरपर्यंतच चलन नोटांच्या रूपात नेता येते, परंतु रशियन महासंघ आणि पूर्वीच्या सोव्हिएत देशांच्या राष्ट्रकुलातील (सीआयएस) इतर प्रजासत्ताकांत जाणाऱ्यांना रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आपली सर्व परकीय चलनाची रक्कम नोटांत घेता येते. आम्हाला ३,१०० डॉलर हवे होते. चलन बदलून देणाऱ्याने शंभर डॉलरसाठी ठाम नकार दिला, तेव्हा मी त्या परिपत्रकाची छापील प्रत पिशवीतून काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती दोनदा वाचली आणि रक्कम दिली. मग आम्ही दोघी तिथेच बाकावर बसून एकेक नोट ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली. कोपऱ्यात शिक्का, पेनाची रेघ किंवा चीर असलेली नोट रशियातल्या खिडकीवर परत केली जाते. चार नोटा आम्ही बदलून घेतल्या. तिथे उतरताना १०,००० डॉलरहून अधिक रोख असेल तर जाहीर करावी लागते, त्याच्या आतल्या रकमेला ते बंधन नाही.

शुल्क भरून जाणाऱ्यांना मात्र बँकेतूनच रक्कम पाठवावी लागते आणि तिथे अतिशय सावध राहावे. २०२३ मध्ये माझ्या एका विद्यार्थ्याची पूर्वतयारी वर्षाची रक्कम मधल्याच कुठल्या तरी बँकेत अडकून पाच आठवड्यांनी परत आली, आणि जाताना-येताना दोन्ही वेळा आकार कापला गेला. विद्यापीठाचे खाते कोणत्या बँकेत आहे आणि भारतातून त्या खात्यात अलीकडे कोणाची रक्कम पोहोचली आहे का, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला लेखी विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

डॉलर मोजत बसले असताना मला राहून राहून अफानासी निकितीन आठवत होता. रशियातल्या त्वेरचा हा व्यापारी १४७० च्या सुमारास चौलला उतरून आमच्या जुन्नरला आला. वोल्गेच्या मुखाजवळ लुटला गेलेला, परत जावे तर कर्जदारीची भीती, अशा अवस्थेत त्याने विकण्यासाठी एक घोडा सोबत आणला होता आणि तो आपल्याला शंभर रुबलांना पडला, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. जुन्नरच्या खानाने तो घोडाच काढून घेतला आणि धर्म बदलला तर परत देईन म्हणाला. एका खुरासानी माणसाने मध्ये पडून घोडा सोडवून दिला. सगळे भांडवल एकाच घोड्यात असणाऱ्या त्या माणसाने पावसाळ्याचा पाऊस आणि चिखल आमच्या गावात कसा काढला असेल, याची कल्पना मला शिवनेरीच्या पायथ्याशी वाढताना कधी आली नव्हती. म्हणून आम्ही भाचीचे डॉलर तीन ठिकाणी वाटून शिवले.

तिथले पहिले नव्वद दिवस सर्वांत नाजूक असतात, कारण पहिला व्हिसा सहसा तेवढ्याच मुदतीचा आणि एकाच प्रवेशाचा असतो. पोहोचल्यापासून सात कामकाजी दिवसांत स्थलांतर नोंदणी करावी लागते. ठशांची नोंद आणि वैद्यकीय तपासणी या काळातच उरकावी लागते. २०२५ पासून परदेशी माणसाला सिमकार्डासाठीही बायोमेट्रिक नोंद आणि सामाजिक विम्याचा क्रमांक लागतो, त्यामुळे पहिले काही आठवडे स्थानिक फोन क्रमांकही नसतो. त्यातच व्हिसा वाढवण्यासाठी पारपत्र महिनाभराहून अधिक आधी विद्यापीठाकडे द्यावे लागते, आणि ते एकदा दिले की बँकेचे कोणतेही काम होत नाही. म्हणून आधी नोंदणी, मग बँक खाते आणि 'मीर' हे रशियाचे स्वतःचे कार्ड, आणि त्यानंतरच पारपत्र द्यायचे, हा क्रम मी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला होता. त्या एका 'ह'मुळे हा क्रम जवळजवळ मोडला होता. वसतिगृहाच्या कोमेंडांट, म्हणजे व्यवस्थापक, बाईंनी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांशी बोलून पारपत्र देण्याची तारीख आठवडाभर पुढे ढकलून घेतली, म्हणून निभावले.

२०२० पासून पूर्णवेळ परदेशी विद्यार्थ्यांना वेगळ्या परवान्याविना काम करता येते. तरी पहिल्या वर्षाच्या हिशेबात त्या कमाईचा एक रुबलही धरू नये. आणि कामाच्या निमित्ताने कोणी रशियन भाषेतला करार पुढे केला, तर तो समजल्याशिवाय त्यावर सही करू नये. नोकरीच्या आमिषाने गेलेले काही भारतीय थेट सैन्यात ओढले गेले आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला, हे कोणीही विसरू नये. युद्धाची सावली रोजच्या प्रवासावरही आहे. ड्रोनच्या धोक्यामुळे विमानतळ काही तास बंद ठेवले जातात, म्हणून जोडविमानांमध्ये मोठे अंतर ठेवावे आणि एका रात्रीच्या खर्चाची तरतूद ठेवावी.

कार्ड हातात आले त्या संध्याकाळी भाचीचा फोन आला. तिने पहिल्यांदा कार्डाने पैसे देऊन ग्रेच्का या तिथल्या धान्याची दोन पाकिटे, दही आणि लोकरीचे मोजे घेतले होते. "आत्या, वहीत काय लिहू?" तिने विचारले. मी म्हटले, "आधी डॉलर किती उरले ते लिही." तिने मोजून सांगितले, दोन हजार चारशे. मी इकडे पेन्सिल घेतली आणि दुसऱ्या वर्षाचे पान उघडले, कारण माझ्या भिशीचे हप्ते जुलैपर्यंत चालू आहेत आणि दादाने यंदा टोमॅटोचे क्षेत्र कमी करून कांदा लावायचे ठरवले आहे.