प्रश्नावलीत न मावणारे काम

समाजशास्त्र हा मुख्य आणि अर्थशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. "पुढे काय करणार?" हे नातेवाईक विचारतातच, पण त्यामागोमाग "यात शिकायला असते तरी काय?" हेही येते. नोकरीविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे, कारण ते गांभीर्याने फारसे कोणी देत नाही.

दुसऱ्या वर्षी फील्ड प्रोजेक्टसाठी आमचा गट बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात गेला होता. आमच्या प्रश्नावलीत 'घरातील कमावत्या व्यक्ती' असा एक रकाना होता. एका घरी मुलाने सांगितले, "वडील आणि मी, आई घरीच असते." त्याची आई त्या वेळी ओट्यावर बसून कोलंबी सोलत होती, वाटे वेगळे काढत होती आणि आमचे बोलणे संपायच्या आत पाटी उचलून बाजारात बसायला निघूनही गेली. आम्ही तिलाच विचारले असते तरी तिने "मी कुठे काम करते?" असेच म्हटले असते, हे पुढच्या काही घरांतील उत्तरांवरून लक्षात आले. आमच्या मॅडमनी त्या संध्याकाळी तो रकाना तसाच ठेवून त्याखाली एक प्रश्न वाढवायला सांगितला: "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केले, ते क्रमाने सांगा." मग मासळी निवडणे, बर्फ आणणे, विक्री, उरलेली मासळी वाळत घालणे, उधारीचा हिशोब ठेवणे, असा सगळा दिवस कागदावर उतरू लागला.

ही अडचण केवळ विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीपुरती नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात माणसाच्या कामाला सांकेतिक क्रमांक दिले जातात. त्यांपैकी 92 हा केवळ घरकाम करणाऱ्यांसाठी आणि 93 हा घरकामासोबत घरच्या वापरासाठी सरपण, भाजीपाला, गुरांचा चारा गोळा करणाऱ्या किंवा शिवणकाम, विणकाम करणाऱ्यांसाठी आहे. या दोन्ही क्रमांकांतील व्यक्ती श्रमशक्तीत, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या लोकांत, धरल्या जात नाहीत. कोलंबी विकणारी स्त्री खरे तर स्वयंरोजगारातच मोजली गेली पाहिजे, पण "आई घरीच असते" एवढ्या उत्तरावर घाईत असलेला प्रगणक तिला 92 मध्ये टाकून पुढे जाऊ शकतो. भारतात 2019 मध्ये देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण झाले आणि त्यात माणसाचे चोवीस तास नोंदवण्याची पद्धत वापरली गेली, ती कशासाठी, हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा त्या ओट्यावर अधिक चांगले कळले.

एकदा ही नजर आली की नवी मुंबई वेगळी दिसू लागते. मार्च 1970 मध्ये नवे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि तत्कालीन ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी निश्चित झाल्या. जानेवारी 1984 मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. हा इतिहास आमच्याकडे सर्वांना माहीत असतो. परंतु मोबदल्याचा मुख्य आधार जमिनीवरचा नोंदलेला हक्क असल्यामुळे, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या आणि दरवर्षी आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, जाणाऱ्या स्त्रीचे बुडालेले काम कोणत्या हिशोबात धरायचे, हा प्रश्न मला समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र शिकल्याशिवाय सुचला नसता.

म्हणूनच परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाइड पाठ करून ही पदवी घेणे मला फार मोठे नुकसान वाटते. संख्याशास्त्राला घाबरून तो भाग ऑप्शनला टाकणारे अनेक मित्र आहेत. त्यांना मी कळकळीने सांगते की नमुना कसा निवडला हे समजत नसेल, तर वर्तमानपत्रातील बेरोजगारीचा आकडाही नीट वाचता येत नाही. इंग्रजी संदर्भग्रंथांची धास्ती मलाही होती. मराठी विश्वकोशातील नोंद आधी वाचावी आणि मग मूळ लेखनाकडे वळावे, हा क्रम मला उपयोगी पडला. ठाण्यात 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तेथे निवांत वाचता येते. शिवाय ज्या मुंबई विद्यापीठाची पदवी आपण घेतो, तेथे 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि पुढे गो. स. घुर्ये यांनी तो वाढवला. एवढा वारसा पाठीशी असताना आपण झेरॉक्स नोट्सवर का थांबावे?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे चौथे वर्ष संशोधनासाठी घेता येते आणि मी ते घेणार आहे. उरण आणि पनवेल भागांत आवणीला जाणाऱ्या ज्या स्त्रिया आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांनी शेती गेल्यानंतर कोणकोणती कामे केली, ती कोणाच्या ओळखीने मिळाली आणि त्यांचे पैसे कोणाच्या हाती पडत, हे त्यांच्याच तोंडून नोंदवायचे आहे. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा तयार आहे, आणि त्यात पहिला प्रश्न कामाचा नसून कालच्या दिवसाचा आहे.