सोर्समध्ये मराठी, पडद्यावर हिंदी: लँग ॲट्रिब्यूटचा माझा अनुभव

'व्ह्यू सोर्स करून बघा, भाषा बरोबर आहे.' मराठी पानाच्या लँग ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे पान कोणत्या भाषेत आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणेत, हिंदीच राहते अशी तक्रार केली की आमच्या साइटची देखभाल करणाऱ्या कंपनीकडून पुन्हा पुन्हा हेच उत्तर यायचं आणि तक्रार बंद व्हायची. आजही आठवलं की संताप येतो.

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाची साइट मराठी आणि हिंदीत आहे. लोकमान्यनगर, रामचंद्रनगरातली मोठी माणसं मराठी पानं वाचतात, नातवंडांना हिंदी सोयीची पडते. साइट रेल्स या वेब फ्रेमवर्कवर, सगळ्या पानांना एकच लेआउट (सामाईक सांगाडा), आणि त्यातल्या एचटीएमएल टॅगवर लँग कायमचं 'एचआय' (हिंदीचा कोड) लिहिलेलं. आमच्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, पण लँग 'एमआर' (मराठीचा कोड) असल्याशिवाय ब्राउझर ते वापरत नाही. त्याहून वाईट म्हणजे दृष्टी अधू झालेल्या एका काकांना स्क्रीन रीडर मराठी कार्यक्रमपत्रिका हिंदी आवाजात वाचून दाखवायचा.

लेआउटमधला बदल लगेच झाला. रेल्स आधी व्ह्यू, म्हणजे त्या पानाचा स्वतःचा भाग, तयार करतं, मग लेआउट. त्यामुळे व्ह्यूमध्ये रेल्सच्या कंटेंट-फॉर या मेथडने दिलेली भाषा वरच्या एचटीएमएल टॅगपर्यंत पोचते. दिली नसेल तर आय18एनचं, म्हणजे रेल्सच्या भाषांतर-व्यवस्थेचं, लोकेल (चालू भाषा) घ्यायचं.

मग काकांचा फोन आला. "अरे, मराठी पान थेट उघडलं तर ठीक वाचतो. हिंदी पानावरच्या दुव्याने मराठीत गेलो की पुन्हा हिंदीच!"

तक्रार केली, तर ते सोर्सचं उत्तर. सोर्समध्ये खरंच 'एमआर' होतं. पण सोर्स म्हणजे सर्व्हरने पाठवलेला मजकूर. वाचकासमोर जे पान जिवंत असतं ते ब्राउझरच्या इन्स्पेक्टमध्ये दिसतं, आणि तिथे 'एचआय' होतं. रिफ्रेश केलं की 'एमआर'. म्हणून तपासणाऱ्याला चूक सापडतच नव्हती. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये पानाच्या भाषेचा निकष 3.1.1 आहे, तोही 'ए' या पहिल्याच स्तराचा, हे कळवूनही कोणी दुव्यावर क्लिक करून पाहिलं नाही.

कारण शेवटी टर्बो या आमच्या साइटवरच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या कागदपत्रांत मिळालं. दुव्यावर क्लिक केलं की टर्बो पूर्ण पान नव्याने उघडत नाही. बॉडी बदलतो, हेड जुन्यात मिसळतो आणि एचटीएमएल एलिमेंट तसंच ठेवतो. आमच्याकडे टर्बो 7 होता, म्हणून पहिल्या पानाची भाषा पुढच्या सगळ्या पानांना चिकटायची. एचटीएमएल एलिमेंट तसंच राहतं हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे!

उपाय काही ओळींचा. बॉडी दर वेळी नवी येते, म्हणून लेआउटमध्ये भाषा बॉडीवरही डेटा-लँग म्हणून लिहिली आणि प्रत्येक पान आल्यावर होणाऱ्या टर्बो-लोड इव्हेंटला तिथून उचलून एचटीएमएलवर ठेवली. फक्त भाषा बदलायचं बटण असेल तर त्या दुव्यावर टर्बो बंद करणारं डेटा-टर्बो फॉल्स पुरतं. आमच्या बातम्यांच्या यादीत दोन्ही भाषांचे दुवे एकत्र असतात, तिथे ते पुरलं नसतं. काकांनी ऐकून "आता जमलं" म्हटलं, तेव्हा फार बरं वाटलं.

पानागणिक बदलणारे क्लास एचटीएमएलवर लावू नका, तेही असेच अडकतात; बॉडीवर लावा. भाषेच्या कोडमध्ये प्रदेश जोडायचा तर मध्ये हायफन हवा, अंडरस्कोर चालत नाही. आणि कंट्रोलरमध्ये (विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये) लोकेल नुसतं बदलू नका, काम विथ-लोकेल या ब्लॉकमध्ये गुंडाळा, नाहीतर एकाची भाषा सर्व्हरच्या त्याच थ्रेडवर (कामाच्या धाग्यावर) येणाऱ्या पुढच्या वाचकाच्या पानावर जाते.