लेआउट बघायचा तर टेबलाखालून बघा

मोठा मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे टेबलावर रूळ, डोंगर, स्टेशनं मांडून उभी केलेली छोटी रेल्वे, बघायला लोक आले की आधी मोबाईल काढतात आणि घाटात वळण घेत येणाऱ्या गाडीचा व्हिडिओ करतात, त्यात गैर काहीच नाही, त्यासाठीच तर एवढा खटाटोप केलेला असतो. पण क्लबच्या लोकांनी मिळून हाताने बनवलेला लेआउट असेल ना, तर मी सांगेन की वाकून टेबलाखाली डोकं घाला. कोणी मन लावून काम केलंय आणि कोणी उरकलंय ते तिथे लगेच कळतं.

आधी जागेचं गणित बघा. एचओ स्केल म्हणजे 1:87, खऱ्याच्या 87 पट लहान, दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिमी. ऐकायला छोटं वाटतं, पण खरा एक किलोमीटर इथे साडेअकरा मीटर होतो, आणि 24 मीटरचा डबा साधारण 28 सेंमीचा, म्हणजे 20 डब्यांची गाडी उभी करायला नुसता फलाटच साडेपाच मीटर लागणार! मग काटछाट आलीच. गाडी आठ डब्यांची करा, दोन स्टेशनांमधलं अंतर खाऊन टाका. वळणांचं तर बोलूच नका, 300 मीटर त्रिज्येचं खरं वळण स्केलमध्ये जवळजवळ साडेतीन मीटर त्रिज्येचं येतं आणि आपण 75 सेंमीवर भागवतो, म्हणून मग लांब डबे वळणावर कडेला लटकल्यासारखे दिसतात. ते झाकायला मध्ये एक बोगदा घालायचा. लेआउटवरचे निम्मे डोंगर असलंच काहीतरी लपवायला उभे असतात.

दोन मजले असतील तर गाडी वर न्यायला हेलिक्स लागतो, म्हणजे स्क्रूसारखा गोल गोल चढणारा ट्रॅक. 75 सेंमी त्रिज्येचा एक फेरा 4.7 मीटरचा, 2 टक्के चढ धरला तर एका फेऱ्यात साडेनऊ सेंमी वर. यापेक्षा चढ फार जास्त केला की लांब गाडी ओढणाऱ्या इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरत बसतात.

आता खाली या. रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांवर विजेसाठी भरवसा ठेवायचा नसतो, त्या काळ्या पडतात, सैल होतात, म्हणून दर थोड्या अंतरावर रुळाला एक बारीक फीडर वायर सोल्डर करून खालच्या जाड मेन वायरीला जोडतात. हे केलं नाही की लांबच्या टोकाला गाडी धापा टाकायला लागते. डीसीसी (रुळातूनच इंजिनांना डिजिटल हुकूम पाठवायची पद्धत) आल्यापासून प्रत्येक इंजिनात ते हुकूम ओळखणारा डिकोडर आणि त्याचा स्वतःचा नंबर, त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळ्या स्पीडने चालवता येतात, पूर्वी ट्रॅकचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळं बटण लागायचं. तरी वायरिंग काही संपलं नाही. रूळ गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळाला की डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट! तेवढा तुकडा दोन्ही टोकांना वेगळा तोडून त्याला ऑटो-रिव्हर्सर, म्हणजे विजेची दिशा आपोआप उलटवणारं यंत्र, लावावा लागतो.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात 1946 मध्ये सुरू झालेल्या टेक मॉडेल रेलरोड क्लबमध्ये सरळ दोन गटच होते, एक वरती डबे रंगवणारा, झाडं लावणारा आणि दुसरा टेबलाखाली टेलिफोन एक्स्चेंजचे रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडत बसणारा. खालच्या गटातली काही पोरं नंतर तिथल्या सुरुवातीच्या कॉम्प्युटरांच्या नादाला लागली. मला याचं जरा पण आश्चर्य वाटत नाही.

वरच्या लोकांचं काम सोपं असतं असं नाही हं. खडी टाकणंच घ्या. कोरडी खडी ब्रशने स्लीपरांमध्ये बसवायची, मग पाण्याचा बारीक फवारा, मग पातळ केलेला पांढरा गोंद ड्रॉपरने थेंब थेंब, आणि पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब हवाच, नाहीतर पाणी आत न शिरता गोळा होऊन खडीच घेऊन तरंगतं. सांध्याजवळ, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, आलं की हात आखडायचा, सरकणाऱ्या पातीखाली गोंद गेला की सांधा मेला.

आणि एवढं करून गाड्या नुसत्या गोल फिरवत बसतात असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ऑपरेटिंग सेशन बघावं. प्रत्येक मालडब्याचं कार्ड असतं, कुठून उचलायचा, कुठे सोडायचा. घड्याळ चौपट वेगाने पळत असतं. मागच्या सायडिंगमधला (मेन लाइनच्या बाजूला डबे ठेवायच्या रुळावरचा) एकच डबा हवा असतो पण आधी पुढचे चार बाहेर काढावे लागतात, मेन लाइनवर पॅसेंजर यायची वेळ झालेली असते, आणि गाड्यांना वाट देणारा डिस्पॅचर शांतपणे सांगतो की पाच मिनिटं आहेत तुझ्याकडे, म्हणजे त्याच्या घड्याळातली पाच, आपली सव्वा.