सी-एच: जोडी एक, उच्चार तीन

भोसरीच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये दिवसभर कानावर पडणारे शब्द घ्या: मशीन, मेकॅनिक, चेन, चॅनेल, क्रोम, टेक्निशियन. सहाही स्पेलिंगमध्ये सी-एच आहे, पण उच्चार मात्र श, क, च, च, क, क. इथे कुणी चुकत नाही, कारण हे शब्द ऐकून आलेले आहेत. गडबड होते ती वाचून शिकलेल्या शब्दांत. ब्रोशरचं ‘ब्रोचर’ होतं, आर्काइव्हचं ‘आर्चिव्ह’. स्पर्धा परीक्षांसाठी अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या शब्दसूचीत शब्द अक्षरक्रमाने लागलेले असतील, तर चेन आणि क्रोम शेजारी येतात, पण त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. वहीत तीन रकाने करा आणि शब्द कुठून आला त्यानुसार त्यात लिहा. उच्चार तर बसतोच, अर्धा अर्थही हाती लागतो.

‘क’चा रकाना सगळ्यात श्रीमंत, आणि तो बहुतांशी ग्रीकचा आहे. प्राचीन ग्रीकमध्ये एक अक्षर होतं, त्याचा उच्चार आपल्या ‘ख’सारखा. लॅटिनमध्ये ‘ख’ला अक्षर नव्हतं, म्हणून रोमन लोकांनी सी-पुढे एच लिहून वेळ भागवली. इंग्रजीत त्याचा ‘क’ झाला.

यातली मुळं पाठ करण्यासारखी आहेत. ‘ख्रोनोस’ म्हणजे काळ. क्रॉनिकल म्हणजे बखर, क्रॉनॉलॉजी म्हणजे कालक्रम, सिंक्रोनाइझ म्हणजे एकाच वेळेला आणणं. क्रॉनिक इथलाच, म्हणून त्याचा अर्थ ‘दीर्घकाळ चाललेला’. डॉक्टरांच्या फाइलवर हा शब्द दिसला की घरचे ‘गंभीर’ असं समजून घाबरतात. तो शब्द आजाराची मुदत सांगतो, तीव्रता नाही. त्याच्या विरुद्ध ॲक्यूट, म्हणजे अचानक उद्भवलेला.

‘ख्रोमा’ म्हणजे रंग. 1888 साली वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञाने क्रोमोसोम हे नाव दिलं, त्याचा अर्थ ‘रंगीत पिंड’, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तो भाग रंग पटकन शोषून घेतो. ‘ख्लोरोस’ म्हणजे फिकट हिरवा. त्यावरून 1810 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने क्लोरीनचं नाव ठेवलं, आणि पानातलं हरितद्रव्य क्लोरोफिल झालं. ‘खोले’ म्हणजे पित्त: मेलंकली म्हणजे शब्दशः काळं पित्त, आणि कोलेस्टेरॉल पहिल्यांदा पित्ताशयातल्या खड्यांत सापडलं म्हणून त्याचं ते नाव.

शब्दाच्या सुरुवातीला सी-एचनंतर लगेच आर किंवा एल आला, तर डोळे मिटून ‘क’ म्हणा. सुरुवातीला एस-सी-एच असेल तर बहुधा ‘स्क’ (स्कूल, स्कीम, स्कॉलर). ब्रिटिश शेड्यूल मात्र ‘श’ने सुरू होतं, अमेरिकन स्केड्यूल ‘स्क’ने.

ए-आर-सी-एचने सुरू होणारे शब्द सर्वांना छळतात. पुढे स्वर असेल तर सहसा ‘क’: आर्किटेक्ट, आर्काइव्ह, आर्किपेलॅगो. पुढे व्यंजन असेल तर ‘च’: आर्चबिशप, आर्चड्यूक. आर्चर म्हणजे तिरंदाज, तो या नियमात बसत नाही. धनुष्य या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तो फ्रेंचमार्गे आला. ‘एक’ (ए-सी-एच-ई), म्हणजे दुखणं, हा शब्दही खरं तर ग्रीक नाही. पूर्वी तो के-ने लिहीत. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या कोशात तो ग्रीक समजून सी-एचने लिहिला आणि तेच रूढ झालं.

आता फ्रेंच. 1066 नंतर फ्रान्सकडून इंग्लंडमध्ये आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर आलेल्या फ्रेंच शब्दांत सी-एचचा उच्चार ‘च’च होता: चेअर, चेन, चेंबर, चेंज, चीफ. 13व्या शतकाच्या सुमारास फ्रान्समध्ये या ‘च’चा ‘श’ झाला, म्हणून नंतर आलेले शब्द ‘श’चे: मशीन, ब्रोशर, पॅराशूट, शँडेलिअर, शोफर. चीफ आणि शेफ हा मुळात एकच शब्द, दोन वेळा घेतलेला. मशीन आणि मेकॅनिक यांचंही मूळ एकच ग्रीक आहे, फक्त मशीन फ्रेंचमधून फिरून आलं. शेवटी सी-एच-ई असेल तर बहुधा ‘श’: निश, कीश, मुस्टाश. कॅश (सी-ए-सी-एच-ई) म्हणजे दडवून ठेवलेला साठा. संगणकातला ‘कॅश’ तोच, त्याला ‘कॅचे’ म्हणू नका. सायकी आणि हेडेक मात्र ‘क’चे.

कोरेगाव पार्कातल्या मेन्यूकार्डावर आणखी दोन पाहुणे भेटतात. इटालियन सी-एच नेहमी ‘क’: ब्रुस्केटा, झुकिनी. स्पॅनिश नेहमी ‘च’: नाचो, माचो, पोंचो.

उरलेला ‘च’ अस्सल इंग्रजीचा: चिन, चाइल्ड, चिकन. मराठी माणसाला इथे वेगळीच अडचण येते. आपल्याकडे दोन ‘च’ आहेत, ‘चार’मधला आणि ‘चाक’मधला. इंग्रजीत नेहमी ‘चार’मधलाच लावायचा. खडूच्या चॉकला ‘चाक’मधला च लागला की कानाला लगेच खटकतं.

लिहिताना प्रश्न टी-सी-एचचा. एकाच अक्षराने लिहिलेल्या ऱ्हस्व स्वरानंतर टी येतो: कॅच, किचन, मॅच, विच म्हणजे चेटकीण. रिच, सच, मच आणि ‘कोणता’ या अर्थाचा विच, हे चार अपवाद पाठच करावेत. सँडविच आणि ऑस्ट्रिचमध्येही टी नाही. अटॅचमध्ये दोन टी आहेत, पण ते पहिल्या ए-नंतर लागोपाठ येतात, सी-एचच्या आधी एकही नाही. डिटॅचमध्ये टी एकच, तोही ई-नंतर लगेच.